जुनी कुटुंबचित्रे कशी वाचावीत?

चतुर्थी जवळ आली की गोव्यातील जुन्या घरांत भिंतींवरचे फोटो खाली उतरतात. रंगकाम होते, चौकटी पुसल्या जातात आणि फोटो पुन्हा खिळ्याला लागण्यापूर्वी काही काळ सोप्यावर रांगेने मांडलेले असतात. एरवी डोळ्यांच्या वर असणारी ही माणसे त्या दिवशी हाताशी येतात. घरातील धाकट्यांचा प्रश्न ठरलेला असतो: हे कोण? उत्तरही बहुधा ठरलेले असते. मधोमध खुर्चीवर बसलेल्या पुरुषाचे नाव, हुद्दा आणि कर्तृत्व सांगितले जाते. मागे उभ्या असलेल्या दोघा-तिघांची नावे आठवून आठवून निघतात. स्त्रियांपाशी आले की मात्र उत्तर ‘त्यांची पत्नी’, ‘थोरली सून’, ‘कोणीतरी आत्या’ इथवर येऊन थांबते.

या चित्रांकडे आपण बहुतेक वेळा घराची शोभा म्हणून किंवा पूर्वजांविषयीच्या आदरापोटी पाहतो. वस्तुतः ती कागदपत्रे आहेत. एखादे खरेदीखत वाचण्यासाठी मोडी लिपी यावी लागते. त्याचप्रमाणे जुने कुटुंबचित्र वाचण्यासाठी ते कसे काढले जाई, त्यात काय दाखवायचे व काय झाकायचे असे संकेत होते, हे ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसेल तर चित्र आपल्याला चुकीचेही सांगते. आणि ते कितीही काळजीपूर्वक वाचले, तरी एक गोष्ट चित्र स्वतःहून कधीच सांगत नाही. ती म्हणजे त्यातील माणसाचे नाव.

कॅमेरा आपल्याकडे आला तेव्हा

छायाचित्रणाची कला जगापुढे जाहीर झाली ती १८३९ साली, पॅरिसमध्ये. अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. या संस्थेत सक्रिय असलेल्या मोजक्या भारतीयांमध्ये पेडण्यातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर मुंबईच्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच सुमारास मुंबईत व्यावसायिक छायाचित्रणाला आरंभ केला. मराठी माणसाचे कॅमेऱ्याशी नाते इतके जुने आहे, आणि त्यात गोमंतकीयांचा वाटा पहिल्या पिढीपासून आहे.

त्याच १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने भेटकार्डाच्या आकाराच्या फोटोचे पेटंट घेतले. सुमारे अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच अशा जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला हा फोटो स्वस्त होता, एकाच बैठकीत त्याच्या अनेक प्रती निघत आणि तो टपालाने पाठवता येई. १८६६ च्या सुमारास त्याहून मोठा, साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा ‘कॅबिनेट’ फोटो आला. संस्थानिक आणि सावकार यांच्यापुरती असलेली ही हौस हळूहळू वकील, मामलेदार, शिक्षक, व्यापारी यांच्या घरांत पोहोचली ती या दोन आकारांमुळे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी केंद्रांचाही या इतिहासात मोठा भाग आहे. लाला दीनदयाळ हे इंदूरमध्ये बांधकाम खात्यात नोकरीला होते. तिथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला. तिथे छायाचित्र घेणारीही स्त्रीच असे. गोव्यात नोव्हा गोवा, म्हणजे आजच्या पणजीत, ‘सौझा अँड पॉल’ या छायाचित्रकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्याची छायाचित्रे टिपली. पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडलेल्या गोमंतकीयांनी हा व्यवसाय आफ्रिकेतही नेला. झांझिबारमधील ए. सी. गोम्स, जे. पी. फर्नांडिस आणि कुतिन्हो बंधू हे त्या बेटावरचे नामांकित छायाचित्रकार गोव्याचेच होते. साष्टी-बारदेशातील एखाद्या घरात फोटोच्या पुठ्ठ्यावर आफ्रिकेतील स्टुडिओचे नाव आढळले, तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. घरचा कोणी तिकडे नोकरीला होता आणि आपण सुखरूप आहोत हे कळवण्यासाठी त्याने तो फोटो आईला पाठवला होता, असा त्याचा अर्थ बहुधा निघतो.

काळे दिसणारे कुंकू

जुना फोटो वाचताना पहिली फसगत होते ती रंगांची. चित्र कृष्णधवल असल्याने त्यात फिकट ते पांढरे आणि गडद ते काळे असा सरळ हिशेब असेल असे आपण गृहीत धरतो. तसा तो नसतो. सुरुवातीच्या काचांवरील रसायन केवळ निळ्या व जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देई. लाल प्रकाश त्याला जवळजवळ दिसतच नसे. म्हणून तर छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा चालत असे. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने काचेला हिरवा-पिवळा प्रकाशही दिसू लागेल अशी युक्ती शोधली. लाल धरून सर्व रंग टिपणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडले, आणि लहान गावांतील स्टुडिओंत त्या रुळायला त्यानंतरही बरीच वर्षे लागली.

याचा परिणाम आपल्या घरातील फोटोंवर थेट दिसतो. पणजीच्या कपाळावरचे कुंकू काळे दिसते. ते लालच होते. लाल शालू आणि हिरवी पैठणी दोन्ही जवळजवळ काळ्या दिसतात. निळे वस्त्र मात्र पांढुरके दिसते. पिवळा रंग गडद उतरत असल्याने अस्सल सोन्याचे दागिने मंद दिसतात आणि त्यांच्या शेजारची मोत्यांची नथ किंवा तन्मणी लखलखतो. उन्हाने रापलेली गव्हाळ त्वचा प्रत्यक्षाहून काळी उमटते. ‘आमचे आजोबा फार काळे होते’ असे फोटोवरून सांगणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा. उलट काही फोटोंत चेहरे अनैसर्गिक गोरे दिसतात, कारण काचेवर शिसपेन्सिलीने हात फिरवून चेहरा उजळ करण्याचे काम स्टुडिओत सर्रास चाले.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो काळ्या दिसणाऱ्या साडीबाबत. ती खरोखर काळी चंद्रकळा असेल तर नेसणारी सुवासिनी आहे आणि प्रसंग कदाचित संक्रांतीचा आहे. ती लाल वा हिरवी असेल तर लग्न किंवा डोहाळजेवण असू शकते. आणि तीच साडी तांबडे आलवण असेल, तर ती केशवपन झालेली विधवा आहे. तीनही साड्या फोटोत सारख्याच गडद दिसतात. निर्णय करावा लागतो तो इतर खुणांवरून: कपाळ, गळा, मनगट, डोक्यावरून घेतलेला पदर आणि साडीचे काठ. आलवण जाडेभरडे असते आणि त्याला काठपदराची शोभा नसते. केवळ ‘काळी साडी’ पाहून नाते ठरवले, तर घराची वंशावळ चुकते.

दुसरी फसगत डाव्या-उजव्याची. काही जुन्या पद्धतींत, उदाहरणार्थ पत्र्यावर थेट घेतलेल्या फोटोत, चित्र आरशातल्यासारखे उलटे येई. काच उलट ठेवून छापल्यासही तेच होई. ते ओळखण्यासाठी मराठी पोशाखातच खुणा आहेत. नथ डाव्या नाकपुडीत असते आणि जानवे डाव्या खांद्यावर. फोटोत हे उजवीकडे दिसले, तर चित्र उलटे आहे असे समजावे आणि मगच कोण कोणाच्या कोणत्या बाजूस बसले याचा विचार करावा.

कोणी हसत का नाही?

जुन्या फोटोंतील माणसे गंभीर का, याचे ठरीव उत्तर असे दिले जाते की त्यांना फार वेळ निश्चल राहावे लागे. हे अर्धे खरे आहे. १८५० ते १८८० या काळातील ओल्या काचेच्या पद्धतीत उजेडाप्रमाणे काही सेकंद स्थिर राहावे लागे. त्यासाठी मानेमागे लोखंडी आधार लावत. उभ्या माणसाच्या पायांमागे कधी कधी त्याचा बुंधा डोकावतो. मांडीवरच्या बाळाचा चेहरा पुसट आणि बाकी सारे स्पष्ट, असे चित्र दिसते ते बाळ हलल्यामुळे. १८८० नंतर कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा आल्या आणि हा वेळ क्षणावर आला. तरीही पुढची चाळीस-पन्नास वर्षे कोणी हसले नाही.

याचे कारण मर्यादेत शोधावे लागते. फोटो ही आयुष्यात एकदा-दोनदा घडणारी गोष्ट होती आणि तो पुढच्या पिढ्या पाहणार, याची जाणीव बसणाऱ्याला असे. चारचौघांत दात दाखवून हसणे स्त्रीला तर नाहीच, पण कर्त्या पुरुषालाही शोभत नाही, असा तो काळ होता. शिवाय फोटो काढल्याने आयुष्य घटते असा समजही अनेक घरांत होता. त्या भीतीवर मात करून माणसे कॅमेऱ्यापुढे बसली आहेत, हे विसरता कामा नये. गुडघ्यांवर आवळून ठेवलेली बोटे पाहिली की त्या ताणाची कल्पना येते. हसू आले ते स्टुडिओबाहेर, घरातल्याच कोणीतरी हातात धरलेल्या लहान कॅमेऱ्याबरोबर.

बसलेले आणि उभे

कुटुंबचित्रातील जागा कधीच सहज ठरत नसत. खुर्ची हा अधिकार होता. घरातील ज्येष्ठ पुरुष मध्यभागी बसे. त्याच्या शेजारी त्याचा भाऊ किंवा त्याची आई. मुलगे मागे उभे राहत, वयानुसार किंवा उंचीनुसार. सुना एका कडेला, पदर डोक्यावरून घेतलेल्या. नातवंडे पुढे सतरंजीवर. आई जिवंत आणि सुवासिनी असेल तर तिला खुर्ची मिळे. पत्नीला ती मिळेलच असे नसे. नवरा बसलेला आणि बायको शेजारी उभी, हे चित्र केवळ मराठी नाही. युरोपातील स्टुडिओंतही तोच संकेत होता. फरक इतकाच की तिकडे पत्नीचा हात पतीच्या खांद्यावर असे, आणि आपल्याकडे दोघांच्या मध्ये वीतभर अंतर राखले जाई. काही घरांत पुरुषांचा फोटो वेगळा आणि स्त्रियांचा वेगळा, असेही आढळते.

पाठीमागे दिसणारा महाल, कठडा, बागेचे दृश्य ही रंगवलेल्या पडद्याची करामत असते. गालिचा, तिपाई, फुलदाणी, जाडजूड पुस्तक आणि घड्याळ या वस्तू स्टुडिओच्या. कोट आणि बूटही कित्येकदा स्टुडिओतच मिळत. म्हणून फोटोतील पुस्तकावरून विद्वत्ता किंवा घड्याळावरून श्रीमंती ठरवू नये. एकाच गावातील निरनिराळ्या घरांच्या फोटोंत तीच फुलदाणी, तीच कोरीव खुर्ची दिसली, तर ते सारे एकाच स्टुडिओत गेले होते असा तर्क बांधता येतो. स्टुडिओचे नाव नसलेल्या फोटोचे गाव शोधायला अशी खुर्ची उपयोगी पडते.

वर कोट, खाली धोतर

पुरुषांच्या पोशाखात बदल वरून खाली होत गेला असे दिसते. आधी अंगरख्याची जागा बंद गळ्याच्या लांब कोटाने घेतली. मग खिशातील घड्याळाची साखळी, हातात काठी किंवा छत्री आणि पायात बूट आले. धोतर मात्र टिकून राहिले. कमरेवर कचेरी आणि कमरेखाली घर, अशी ही विभागणी दोन-तीन पिढ्या चालली. डोक्यावरच्या वस्त्राने तर माणसाचे गाव आणि ज्ञाती सांगावी. पुणेरी पगडी, ग्वाल्हेरची शिंदेशाही, इंदूरची होळकरी, रुमाल, पागोटे, फेटा असे प्रकार प्रदेशानुसार बदलत. विसाव्या शतकात त्यांची जागा काळ्या गोल टोपीने घेतली. पांढरी खादीची टोपी दिसली तर फोटो १९२० नंतरचा आहे असे समजायला हरकत नाही. ती टोपी असहकाराच्या चळवळीतून रूढ झाली.

गोव्याचा प्रवास थोडा वेगळा आहे. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि येथील हिंदूंना नागरी समानता मिळाली. त्यानंतरच्या फोटोंत पूर्ण पाश्चात्त्य सुटातील हिंदू वकील, डॉक्टर, शिक्षक दिसतात, आणि त्यांच्याच शेजारी नऊवारीतील पत्नी. ख्रिस्ती घरांतील फोटोंत पुरुष सुटात असला तरी जुन्या पिढीतील प्रतिष्ठित स्त्री पुष्कळदा पानो-बाजूत आढळते: खाली गुंडाळलेले भरजरी वस्त्र, वर सैल बाह्यांचे जाकीट. एकाच भिंतीवर तीन पिढ्या लावल्या, तर त्या घराने कोणत्या सत्तेशी, शिक्षणाशी आणि बाजारपेठेशी कसे जुळवून घेतले याचा आलेख समोर उभा राहतो.

स्त्रियांच्या वस्त्रांत बदल सावकाश झाला. तो साडीपेक्षा आधी चोळीत दिसतो. पुढे गाठ मारायच्या खणाच्या चोळीच्या जागी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लांब बाह्यांचे, गळ्याशी झालर लावलेले पोलके आले. खांद्याशी फुगवलेल्या बाह्या हे त्या काळातील युरोपीय फॅशनचे अनुकरण. साडी नऊवारीच राहिली. तिचे काठ आणि पदर नीट पाहिले तर माहेर-सासरच्या बाजारपेठांचा अंदाज येतो. इरकलीच्या पदरावरील कंगव्याच्या दातांसारखी नक्षी ओळखू येते. चंदेरी आणि माहेश्वरी साड्या मध्य भारतातील मराठी घरांत हमखास असत, तर बेळगावनजीकच्या शहापूरच्या साड्यांनाही मोठी मागणी होती. पाचवारी गोल साडी आली ती पुढच्या पिढीत, शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींबरोबर. एकाच फोटोत सासू नऊवारीत आणि सून गोल साडीत दिसली, तर तो घरातील एका मोठ्या वादानंतरचा फोटो असण्याची शक्यता आहे.

पोशाख हे विधानही असू शकते. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात घेतलेले आनंदीबाई जोशी यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. सोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली आहेत. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. परक्या देशात, परक्या विद्येसाठी गेलेल्या एका मराठी तरुणीने साडीत फोटो काढून घेतला, तेव्हा त्या साडीने घरच्या लोकांना जे सांगायचे ते सांगितले होते.

आणि सौंदर्याचे नमुने तरी कोठून आले? राजा रविवर्मा यांचा रंगीत चित्रे छापणारा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नऊवारीतील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. पुढे बालगंधर्वांनी रंगभूमीवर स्त्रीभूमिकांत नेसलेले शालू, केसांत माळलेले गजरे यांचे अनुकरण कुलीन स्त्रिया करू लागल्या. त्या काळातील तरुणींच्या फोटोंत मान किंचित कलती ठेवण्याची जी लकब दिसते, तिच्यामागे देव्हाऱ्यातील चित्र आणि नाटकातील नायिका या दोघींची सावली असावी.

फोटो काढण्याचे प्रसंग

मराठी घरांत काही फोटो प्रसंगानुसार ठरलेले होते. फुलांच्या दागिन्यांनी मढलेली, झोपाळ्यावर बसलेली गर्भवती म्हणजे डोहाळजेवण. मुंडावळ्या बांधलेले वधूवर आणि गोटा केलेला बटू सहज ओळखू येतात. हलव्याचे दागिने घातलेली नववधू म्हणजे लग्नानंतरची पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने घातलेले बाळ म्हणजे बोरन्हाण. असा फोटो जानेवारीच्या मध्याच्या आसपासचा, हे निःशंक सांगता येते, आणि लग्नाचे वर्ष ठाऊक असेल तर फोटोची तारीख जवळजवळ हाती लागते. फुलांची वेणी घातलेल्या मुलीला आरशापुढे बसवून समोरचा चेहरा आणि पाठीवरची वेणी एकाच चित्रात टिपण्याची पद्धतही आपल्याकडे लोकप्रिय होती.

मृत्यूनंतरचे फोटोही काढले जात. ज्याचा जिवंतपणी एकही फोटो नाही अशा वडीलधाऱ्या माणसाची आठवण राखण्याचा तो एकच मार्ग उरलेला असे. काही वेळा गटचित्रातून चेहरा कापून, मोठा करून, रंगवून स्वतंत्र चित्र तयार करीत. पती आणि पत्नी यांचे वेगवेगळ्या काळातील चेहरे एकत्र जोडलेलेही आढळतात. प्रकाश दोघांच्या चेहऱ्यांवर वेगवेगळ्या बाजूंनी पडलेला असेल, तर हे दोघे कॅमेऱ्यापुढे एकत्र बसलेच नसावेत.

चित्रात नसलेली माणसे

कुटुंबचित्राचे सर्वांत कठीण वाचन म्हणजे त्यात कोण नाही हे पाहणे. घरात वावरणारी, स्वयंपाक सांभाळणारी, मुले वाढवणारी विधवा आत्या किंवा काकू शुभप्रसंगीच्या फोटोत बहुधा नसे. तिला अपशकुनी मानले जाई, आणि फोटो हे तर शुभकार्य. क्वचित ती असते तेव्हा अगदी कडेला, अर्धी झाकलेली असते. जिने त्या घरातील दोन पिढ्यांना न्हाऊमाखू घातले, तिचा एकही फोटो त्या घरात नसावा, ही वस्तुस्थिती अनेक घरांची आहे.

तीच गोष्ट कष्टकरी कुटुंबांची. गावडा-कुणबी, मिठागरांवर आणि भाटांत राबणारी माणसे यांच्या घरच्या भिंतींवर जुनी कुटुंबचित्रे क्वचितच सापडतात, कारण त्यांना तो खर्च परवडणारा नव्हता. कॅमेऱ्यापुढे अशी माणसे आली ती ‘नमुने’ म्हणून. ब्रिटिश सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील जाती-जमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत बहुतेक माणसांखाली जातीचे नाव आहे, त्यांचे स्वतःचे नाही. कुणबी साडीची खांद्यावरची गाठ चित्रातून कळते. ती गाठ मारणारी कोण, हे कळत नाही.

याला एक विलक्षण अपवाद आहे. ज्या काळी प्रतिष्ठित घरातील स्त्रीचे नाव फोटोखाली लिहिणे कोणाला सुचत नव्हते, त्या काळी स्वतःच्या नावानिशी, एकटीने, तानपुरा घेऊन फोटोत बसलेल्या स्त्रिया होत्या. त्या होत्या गायिका. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांची छायाचित्रे आज नावासह, गावासह ओळखली जातात. समाजाने त्यांना कुटुंबाच्या चौकटीबाहेर ठेवले. त्यांचे नाव मात्र टिकले. चौकटीच्या आत बसलेल्यांचे गेले. या उलटापालटीचा विचार प्रत्येक घराने करावा असा आहे.

आता काय करता येईल?

आजच्या नव्वदीतील माणसे ही या चित्रांना आणि आपल्याला जोडणारी शेवटची कडी आहे. नऊवारीतील ती स्त्री त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली असते. घरे विकली जात आहेत, वाटण्या होत आहेत आणि चौकटी भंगारात जात आहेत. त्यामुळे पुढील काही गोष्टी लांबणीवर टाकू नयेत.

प्रथम फोटोची पाठ पाहावी. स्टुडिओचे नाव, गाव, शाईतील एखादी ओळ तिथे असते. पुठ्ठ्याचे कोपरे चौकोनी की गोल, छपाई सोनेरी की साधी, पाठीवर पोस्टकार्डाची रेघ आहे का, यावरून काळाचा अंदाज येतो. पाठ मधोमध विभागलेली पोस्टकार्डे १९०२ नंतर चलनात आली. त्यामुळे तशी पाठ असलेला फोटो त्याआधीचा नसतो.

मग फोटोची मोबाइलवर का होईना, एक प्रत घ्यावी. तिच्यावर प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्यावा आणि नावे वेगळ्या कागदावर लिहावीत. मूळ फोटोच्या पाठीवर लिहायचेच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, न दाबता लिहावे. बॉलपेनचा वळ पुढून उमटतो. स्त्रियांची दोन्ही नावे विचारावीत. लग्नात तांदळात नवे नाव लिहिण्याच्या प्रथेमुळे एकाच स्त्रीचे माहेरचे नाव वेगळे आणि सासरचे वेगळे असते. जन्माच्या नोंदीत एक आणि घरच्या आठवणीत दुसरे असल्याने पुढे दोन वेगळ्या व्यक्ती असल्याचा भास होतो.

विचारण्याचीही एक रीत आहे. ‘या कोण?’ असे विचारले की वृद्ध माणसे पुष्कळदा ‘आठवत नाही’ म्हणतात. त्याऐवजी वस्तूंविषयी विचारावे. ही नथ पुढे कोणाकडे गेली? या पाटल्या मोडून काय केले? ही साडी कोणी आणली होती? दागिन्यांचा प्रवास स्त्रियांच्या हातूनच होत असल्याने त्या उत्तरांत सासू, नणंद, जाऊ, लेक अशी नावे आपसूक येतात. घरात कोणाचा फोटो नाही, हेही आवर्जून विचारावे. त्या आत्याचे किंवा काकूचे नाव, ती कोठून आली आणि केव्हा गेली, एवढे तरी त्याच कागदावर लिहून ठेवावे. चित्र नसले तरी नोंद राहील.

जतनाच्या बाबतीत गोव्याची हवा हा मोठा शत्रू आहे. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या फोटोला बुरशी धरते आणि फोटो काचेला चिकटतो. चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकटच त्याची प्रत घ्यावी आणि जाणकाराला दाखवावा. ओल्या फडक्याने पुसू नये. प्लास्टिकमध्ये लॅमिनेट तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील अनेक फोटो अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर छापलेले आहेत. सोवळ्या घरांतील भिंतीवरही तेच होते, हे त्या घरांना बहुधा ठाऊक नव्हते. हा लेप ओल आणि ऊन दोन्ही सोसत नाही. फोटो आतल्या कोरड्या भिंतीवर, काच आणि चित्र यांच्यात थोडी फट राहील असा लावावा.

रंग, पोशाख, खुर्च्या आणि पडदे यांचा अर्थ अभ्यासाने केव्हाही लावता येईल. पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक साडीचा काठ पाहून ती कोणत्या पेठेतली हे सांगू शकेल. नेसणारीचे नाव मात्र तो सांगू शकणार नाही. ते आज ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आजच विचारावे लागेल.